घरात गॅस गळत होता आणि आम्हा दोघींनाही वास आला नाही. नाक असं गप्प का बसतं?

सायली_वाळवा
संक्रांतीला आईकडे गेले होते. गाव वाळवा तालुक्यात, साखर कारखान्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर. हंगाम चालू असला की फाट्यावर एसटीतून उतरताच मळीचा तो आंबूस-गोड वास नाकात भरतो, आणि घरी पोचून पाणी पिऊन होईस्तोवर नाहीसा होतो. लहानपणापासून हे असंच चालत आलंय. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं.

भोगीच्या दिवशी सकाळी आई आणि मी स्वयंपाकघरात पाटावर बसून पावटे सोलत होतो. तासभर तरी झाला असेल. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. "अगं, गॅस केवढा येतोय! शेगडीला हात लावू नका." मी म्हटलं, "नाही हो काकू, काहीच वास नाही." त्यांनी माझा दंड धरून मला अंगणात नेलं, तुळशीपाशी दोन-तीन मिनिटं उभं केलं आणि परत आणलं. दारातच भपकारा आला, सडक्या कांद्यासारखा. त्याच हवेत मी तासभर बसले होते.

रेग्युलेटरच्या जागचा वायसर चिरला होता. टाकी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या, निभावलं. पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. वास काही थांबला नव्हता. मग माझ्या नाकाने कळवायचं थांबवलं की डोक्याने ऐकायचं? आणि आई ७४ वर्षांची आहे, घरात एकटी असते. काकू विरजणाला आल्या नसत्या तर?

प्रभा_मावशी
बापरे! वाचतानाच अंगावर काटा आला. काकूंना माझा नमस्कार सांग.

गंधवेडी
सायली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. मी काही वर्षं उंदरांच्या वासाच्या जाणिवेवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला थांबा नाकात. नाकाच्या छतापाशी गंधग्राही पेशी असतात. त्यांच्यावर वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं असतात, त्यांना 'ग्राहक' म्हणतात. माणसात या ग्राहकांचे साधारण ४०० प्रकार, उंदरात हजाराच्या आसपास. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. वासाचा रेणू ग्राहकाला चिकटला की पेशीच्या आवरणातली दारं उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. त्यानेच संदेश सुरू होतो. आणि तेच कॅल्शियम आतल्या कॅलमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरून ती दारं अर्धवट लोटूनही घेतं. म्हणजे संदेश पाठवतानाच पेशी स्वतःचा आवाज कमी करते.

पण एवढ्याने वास पुरता जात नाही. नाकातून संदेश गंधकंदात, म्हणजे नाकाच्या वर असलेल्या मेंदूच्या पहिल्या चौकीत जातो, आणि तिथून गंधबाह्यकात, म्हणजे वास ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात. अमेरिकेत डोनाल्ड विल्सन यांनी उंदरांच्या या दोन्ही ठिकाणी बारीक विद्युतशलाका घालून पेशी 'ऐकल्या'. एकच वास सतत सोडत राहिलं तर गंधकंदातल्या पेशी बऱ्यापैकी बोलत राहतात, पण बाह्यकातल्या पेशी काही सेकंदांतच गप्प होतात. म्हणजे निरोप दारापर्यंत येत असतो, आत घेतला जात नाही. जिथे कंदाकडून आलेला तंतू बाह्यकातल्या पेशीला भेटतो, त्या सांध्यावर ग्लुटामेट या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा एक वेगळा ग्राहक असतो, तो हा निरोप दाबतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो याच्या पुढचा प्रयोग. नवीन वास आला की उंदराच्या हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात, आपण कान टवकारतो तसं. तोच वास पुन्हापुन्हा दिला की ठोके मंदावणं थांबतं, उंदराच्या लेखी ती बातमी शिळी झालेली असते. बाह्यकातले ते ग्लुटामेटचे ग्राहक औषधाने बंद केले, तर उंदीर प्रत्येक वेळी नव्याने दचकत राहतो. वासाची सवय होणं म्हणजे मेंदूचा थकवा नव्हे, ते त्याने केलेलं काम आहे, हे या प्रयोगातून मला पहिल्यांदा नीट उमगलं.

नीलेश_ठाणे
माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या खोलीत फुटबॉलचे मोजे पडलेले असतात. तो शपथेवर सांगतो, "कसला वास, बाबा?" खरंच सांगत असणार बिचारा. आजपासून रागावणं बंद. मोजे धुणं मात्र त्यालाच लावणार.

वेसावकरीण
गंधवेडी ताई, तुमचं वाचून मला माझ्या आईचं कोडं सुटल्यासारखं वाटतंय.

आम्ही वेसाव्याचे कोळी. वलांडीवर बोंबील लटकवलेले असतात ते लांबून येणाऱ्याला आधी नाकाला कळतात, मग डोळ्यांना. आम्हाला काही येत नाही तो वास. शाळेत असताना एका मुलीने बाक बदलला होता, तेव्हा मी घरी येऊन फ्रॉकची बाही हुंगून हुंगून पाहिली. मला तिच्यात साबणाखेरीज काही सापडलं नाही. फार रडले होते त्या दिवशी.

पण कोडं वेगळंच. आई सुकटीच्या ढिगाऱ्यात दिवसभर बसते, तिला सुकटीचा वास येत नाही म्हणते, आणि ढिगात एखादा बोंबील ओला राहून कुबट झाला असला तर हात न लावता सांगते, "त्या कोपऱ्यात एक खराब हाय." आणि असतोच. ज्या नाकाला एवढा मोठा वास कळत नाही त्याला हा एवढासा कसा कळतो?

गंधवेडी
@वेसावकरीण, तुमच्या आईंनी एका वाक्यात सांगितलंय ते आम्ही प्रयोगशाळेत मोजत होतो.

मेंदू सगळे वास बंद करत नाही. जो वास सतत चालू आहे, नेमका तेवढाच बाजूला सारतो. मग त्यावर दुसरा वास आला तर तो मिसळून हरवत नाही, उलट सुटा होऊन वर येतो. उंदरांच्या बाह्यकात हे दाखवलं गेलंय. एक वास आधीपासून दरवळत ठेवला आणि त्यातच दुसरा मिसळला, तर पेशी मिश्रणाला द्यावं तसं उत्तर देत नाहीत, नुसत्या नव्या वासाला द्यावं तसं देतात. बिळात राहणाऱ्या प्राण्याला स्वतःच्या बिळाचा वास चोवीस तास सांगत बसून काय उपयोग? त्याला दारात आलेल्या मांजराचा कळायला हवा. तुमच्या आईंच्या मेंदूने सुकट बाजूला सारली म्हणून तर तो एक कुबट बोंबील त्यांना सापडतो.

शाळेतलं वाचून वाईट वाटलं. त्या मुलीच्या घरालाही वास होताच, फक्त तिला तो येत नव्हता.

वेसावकरीण
हे शेवटचं वाक्य चाळीस वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग आमी काय वेगलं सांगत व्हतो?"

गुळव्या
कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ आहे आमचं. माझा थोडा वेगळा अनुभव. दिवाळीनंतर पहिली काहील चुलवाणावर चढते तेव्हा रसाचा वास असा येतो की पोट भरतं. तो पहिला आठवडा मी रोज सकाळी घेतो. नंतर मात्र रोज सकाळीसुद्धा येईनासा होतो, रात्रभर घरी झोपून आलो तरी. ताई म्हणतात तसं काही सेकंदांत किंवा मिनिटांत बंद होणं वेगळं आणि हे महिनोन्‌महिने बंद राहणं वेगळं, असं मला वाटतं. चैत्रात गुऱ्हाळ बंद होतं. पुढच्या हंगामाला पुन्हा पहिल्यासारखा येतो.

गंधवेडी
बरोबर धरलंत. मी वर फक्त छोट्या मुदतीचं लिहिलं होतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी १९९६ मध्ये लोकांच्या झोपायच्या खोलीत दोन आठवडे एक सुगंध ठेवून पाहिला. त्यानंतर त्या लोकांना तो वास बराच जास्त तीव्र असल्याशिवाय कळेना, आणि वस्तू घरातून काढून नेल्यावरही हा परिणाम काही जणांत दोन आठवड्यांपर्यंत टिकला. बाकीचे वास त्यांना नेहमीसारखे येत होते. तुमचं हंगामाचं गणित याच जातीचं आहे.

टोरांटोची_मीनल
आमच्याकडे सहा महिने खिडक्या बंद. फोडणीचा वास कोटात बसतो आणि आपल्याला कळत नाही. मी कोट झोपायच्या खोलीत दार लावून ठेवते, शेजारीण म्हणते फरक पडलाय.

पण लिहायचंय ते दुसरंच. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा एक राखाडी स्वेटर मी झिपच्या पिशवीत ठेवलाय. गेल्या वर्षी त्यांच्या तिथीला बाहेर काढला आणि तोंड खुपसून बसले. पहिल्या श्वासाला बाबा होते. तपकीर, खोबरेल, आणि त्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला काहीच नाही. नुसती लोकर. मला वाटलं, संपला. मीच हुंगून संपवला. पिशवीत परत टाकून रात्रभर जागी होते. त्यानंतर पिशवी उघडायची हिंमत झाली नाही.

ताई, म्हणजे तो वास संपला नसेल का?

गंधवेडी
मीनल, चार श्वासांत स्वेटरचा वास संपत नाही. तुमच्या मेंदूने तो बाजूला सारला, एवढंच. पुन्हा उघडाल तेव्हा एकच छोटा श्वास घ्या आणि स्वेटर लांब धरा. काही मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. मग हवा असेल तर दुसरा. सलग नको. आणि पिशवी लगेच बंद करा, कारण कपड्यातले वासाचे रेणू हळूहळू हवेत जातात हेही खरं आहे.

प्रभा_मावशी
मीनल बाळा, उघड गं ती पिशवी.

अत्तरप्रेमी
थोडं अवांतर. अत्तराच्या दुकानात मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, नाक 'कोरं' होतं म्हणून. खरं आहे का?

गंधवेडी
ताजी हवा जेवढं करते त्याहून जास्त कॉफी काही करत नाही, असं प्रयोगात दिसलंय. स्वतःच्या कोपराच्या आतली बाजू हुंगा, किंवा दुकानाबाहेर फेरी मारून या.

कचराडेपो_शेजारी
मला या सगळ्या चर्चेबद्दल एक तक्रार आहे. सवय होते, सवय होते म्हणता, पण आमच्या सोसायटीपासून कचऱ्याचा डोंगर जवळ आहे आणि नऊ वर्षांत मला सवय झालेली नाही. रात्री दोनला वाऱ्याची दिशा बदलली की मी उठून बसतो. पाहणीला आलेले साहेब मात्र गेटवर नाकाला रुमाल लावतात आणि वीस मिनिटांनी सोसायटीच्या ऑफिसात चहा घेताना विचारतात, "आता कुठे येतोय?" मग तुमच्या शास्त्राप्रमाणे दोष माझ्या नाकाचा का?

गंधवेडी
अजिबात नाही. दोन कारणं सांगते. तुमच्याकडे वास सलग नाही, वाऱ्यासोबत येतो-जातो. मध्ये खंड पडला की मेंदू पुन्हा ताजा होतो आणि प्रत्येक झुळूक नवी बातमी असते. साहेबांना तो वीस मिनिटं सलग मिळाला.

दुसरं, डाल्टन यांनीच केलेला आणखी एक अभ्यास आहे. वास सगळ्यांना एकच दिला. काहींना सांगितलं हा नैसर्गिक अर्क आहे, काहींना सांगितलं औद्योगिक रसायन आहे, अपायकारक असू शकतं. ज्यांना धोक्याचं सांगितलं त्यांना वासाची सवय कमी झाली. धोका वाटतो त्यावर मेंदू लक्ष ठेवून राहतो.

कचराडेपो_शेजारी
म्हणजे शेवटी मनाचे खेळ, असंच ना?

नाकघसा_डॉक्टर
मध्ये बोलतो. मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. याचा अर्थ मनाचे खेळ असा मुळीच लावू नका. वास येईनासा झाला याचा अर्थ हवा स्वच्छ झाली असा होत नाही. ज्याला सवय झालीय त्याच्याही फुप्फुसात तीच हवा जाते. तपासणीला येणाऱ्याने आल्या आल्या पहिल्या मिनिटात टिपण घ्यायला हवं आणि हवेचं मोजमाप यंत्राने व्हायला हवं. चहा पिताना 'येत नाही' म्हणणं हा पुरावा नव्हे. लेखी मागणी करा.

निवृत्त_अभियंता
डॉक्टरसाहेब म्हणाले त्यात एक भर, आणि ही प्रत्येकाने वाचावी. मी जलनिःसारणात नोकरी केली. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. सडक्या अंड्याचा वास अगदी किंचित प्रमाणातही येतो, म्हणून लोकांचा नाकावर भरवसा. पण हवेच्या दर दहा लाख भागांत तो १०० च्या आसपास गेला की घ्राणशक्तीच बधिर होते. ही सवय नव्हे, तो वायू नाकच निकामी करतो. वर उभ्या माणसाला वास येतो, आत उतरलेला सांगतो "आता काही नाही", आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला मनाई आहे. तरी बातम्या येतच राहतात. तुमच्या सोसायटीत टाकी साफ करायला कोणी नुसत्या दोरीवर उतरत असेल तर त्याला थांबवा. हात जोडून सांगतो.

गुळव्या
साहेब, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे मळीच्या टाकीत उतरतात माणसं. उद्याच बोलतो.

नाकघसा_डॉक्टर
आता सायलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे, कारण त्यात आईंचं वय ७४ आहे आणि ते महत्त्वाचं आहे.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. अशी सक्ती का आली तर १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साठला, कोणाला वास आला नाही, आणि स्फोटात सुमारे ३०० माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर गॅसला वास देणं बंधनकारक होत गेलं. पण ही राखण नाकावर अवलंबून आहे. गळती हळूहळू वाढत गेली तर आतल्या माणसाला ती सवयीत विरते. बाहेरून आलेल्याला लगेच कळते. काकूंनी सायलीताईंना अंगणात नेऊन परत आणलं, हे त्या क्षणी करण्याजोगं सर्वांत शहाणपणाचं होतं.

त्याशिवाय वयाने वास कमी होतो तो वेगळाच. ६५ ते ८० वयात निम्म्याहून जास्त लोकांची घ्राणशक्ती लक्षात येण्याइतकी उतरलेली असते, ८० च्या पुढे तीन-चतुर्थांशांची. हे इतकं सावकाश होतं की त्यांना स्वतःला पत्ता नसतो. घरच्यांना "आईच्या हातची चव बदलली" एवढंच जाणवतं. कोविडनंतर अशा पेशंटांची गर्दी झाली होती. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, १२ आठवडे लक्षपूर्वक हुंगायचे, हा सराव जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडला, काहींना उपयोग होतो. आईंना एकदा दाखवून घ्या. कधी कधी वास जाणं हे पार्किन्सनची फार आधीची खूण असते, तेही पाहता येईल.

नीलेश_ठाणे
सायली, गॅस डिटेक्टर बसवा. ऑनलाइन मिळतो. आम्ही शेगडीच्या वर छताजवळ लावलाय.

निवृत्त_अभियंता
थांबा, नीलेश! तुमच्याकडे टाकी आहे की पाइपचा गॅस? टाकीतला प्रोपेन-ब्युटेन हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो. त्याचा डिटेक्टर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर हवा. पाइपमधला मिथेन हलका, त्याचा छताजवळ.

नीलेश_ठाणे
टाकी आहे. आजच खाली घेतो. खूप आभार.

प्रभा_मावशी
आणि वास आला तर विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. टाकीचा नॉब बंद, दारं उघडी, घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन.

टोरांटोची_मीनल
उघडली पिशवी. एकच श्वास घेतला. आहेत बाबा.

वेसावकरीण
❤️

सायली_वाळवा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय.

नळी, रेग्युलेटर दोन्ही बदलले. डिटेक्टर टाकीच्या शेजारी भिंतीवर वीतभर उंचीवर बसवला. मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. आईला लवंग आणि कापूर डोळे मिटून ओळखता आले, पण गुलाबपाण्याला ती "नुसतं पाणी" म्हणाली. चार वासांचा सराव सुरू केलाय, लवंगेची बाटली तिला सगळ्यात आवडते.

काकूंशी बोलून एक रीत ठरवली. आई पहाटे तुळशीला पाणी घालायला बाहेर जाते, तेव्हा लगेच आत यायचं नाही. पाच मिनिटं अंगणात थांबायचं, आणि परत येताना उंबऱ्यावर उभं राहून दोन श्वास घेऊन मगच शेगडीकडे जायचं. आणि आठच्या सुमाराला काकू येऊन उंबऱ्यातच थबकतात, त्या दिवशी थबकल्या होत्या तशा.

काल सकाळी आईचा फोन आला. म्हटलं काय झालं आता. ती म्हणाली, "अगं, आपल्या घराला शेणाच्या सारवणाचा आणि लसणीच्या चटणीचा वास येतो. पन्नास वर्षं राहतेय मी इथे. तू बाहेरून यायचीस, तुला रोज यायचा असणार. कधी बोलली नाहीस ती?"